ड्राइव्ह 'सापडत नाही' आणि ड्राइव्ह 'उघडू देत नाही', दोन्ही दुखणी वेगळी आहेत

ऑफिसात आयटीवाल्याला सकाळी सकाळी येणारा फोन ठरलेला असतो, "अरे तो झेड ड्राइव्ह गेला." (झेड ड्राइव्ह म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरवरचं सगळ्यांचं सामायिक फोल्डर.) गेला म्हणजे नक्की काय झालं ते कोणी सांगत नाही, कारण स्क्रीनवर आलेला मेसेज न वाचताच ओके दाबलेलं असतं, आणि खरं तर सगळं त्या मेसेजमध्येच लिहिलेलं असतं. ढोबळमानाने दोनच प्रकार येतात: 'नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड' आणि 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड'. लोक दोन्हीवर एकच औषध घेतात, रीस्टार्ट.

पाथ म्हणजे त्या फोल्डरचा नेटवर्कवरचा पत्ता. पहिल्यात तुम्हाला सोसायटीच सापडलेली नाही, दुसऱ्यात तुम्ही बरोबर गेटवर पोचलात पण वॉचमन म्हणतोय यादीत नाव नाही. म्हणजे अ‍ॅक्सेस डिनाइड आलं की अर्धं काम झालं समजा, वायफाय ठीक, केबल ठीक, सर्व्हर चालू, उगाच राउटर बंद-चालू करत बसू नका.

घोळ होतो तो विंडोजच्या त्या गुळमुळीत डायलॉगमुळे, 'विंडोज कॅनॉट अ‍ॅक्सेस' आणि पुढे स्पेलिंग तपासा वगैरे सल्ला. तिथे खाली 'सी डिटेल्स' असतं ते दाबा, कोड दिसतो. शेवटी ००३५ असेल तर पाथ सापडला नाही, ०००५ असेल तर परवानगी नाही. हाच ००३५ काळ्या कमांड विंडोत एरर ५३ म्हणून दिसतो, दोन्ही एकच (३५ हे सोळाच्या पायातलं, साध्या दशमानात ५३), त्यामुळे दोन वेगळे एरर आले म्हणून घाबरू नका.

आता पाथ सापडत नसेल तर पहिलं काम, शेजारच्याला विचारा त्याचं उघडतंय का. कोणाचंच उघडत नसेल तर दुखणं सर्व्हरचं किंवा नेटवर्क स्विचचं, तुम्ही चहा घ्या. फक्त तुमचंच अडलं असेल तर वायफायचं नाव बघा, कारण लॅपटॉप गुपचूप गेस्ट वायफायला (तिथून सर्व्हर दिसत नाही) चिकटलेला असतो, इंटरनेट मस्त चालतं, मेल येतात, म्हणून नेटवर्कवर कोणाला शंकाच येत नाही. घरून काम करताय तर व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी वाट) खरंच कनेक्ट आहे का ते बघा. हे सगळं ठीक असेल तर सर्व्हरचं नाव टाकून पिंग करा (सर्व्हर उत्तर देतोय का ते बघणारी कमांड), मग आयपी, म्हणजे त्याचा आकडी पत्ता, टाकून करा. आयपीने उत्तर येतं आणि नावाने नाही, म्हणजे डीएनएसची (नावावरून आयपी शोधून देणाऱ्या यंत्रणेची) भानगड. पण पिंगवर फार विसंबू नका बरं का, फाइल शेअरिंग चालतं पोर्ट ४४५ वरून (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं एक ठरावीक दार), पिंग लागूनही ते फायरवॉलने अडवलेलं असू शकतं, आणि उलट पिंग बंद ठेवलेला सर्व्हर फाइल्स व्यवस्थित देत असतो. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड सर्व्हरचं नाव आणि पोर्ट ४४५ देऊन चालवली की खरं काय ते कळतं.

जुना नॅस बॉक्स (नेटवर्कला जोडलेली, फाइल्स ठेवायची पेटी) असेल तर आणखी एक कारण. तो एसएमबीच्या (विंडोज फाइल शेअरिंगच्या भाषेच्या) पहिल्या व्हर्जनवर चालत असेल, आणि २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने त्याच जुन्या व्हर्जनच्या भगदाडातून जगभर धुमाकूळ घातला. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ अपडेटपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ते एकतर येतच नाही, किंवा वापरलं नाही तर काही दिवसांत आपोआप निघून जातं. यूट्यूबवर ते परत चालू करायचे ढीगभर व्हिडिओ आहेत, माझं मत विचाराल तर करू नका, नॅसचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, ते मिळत नसेल तर नॅस बदला.

ड्राइव्हवर नुसती लाल फुली असेल तर ती बरेचदा यातली कुठलीच भानगड नसते. लॉगिन झालं तेव्हा वायफाय अजून जोडलं गेलं नव्हतं एवढंच, डबल क्लिक केलं की उघडतो.

अ‍ॅक्सेस डिनाइडची गोष्ट जास्त मजेशीर. विंडोज सर्व्हरवर शेअरला, म्हणजे सामायिक फोल्डरला, दोन कुलपं असतात, एक शेअरिंग टॅबमधलं, दुसरं सिक्युरिटी टॅबमधलं, आणि दोन्हींपैकी जे जास्त कडक ते लागू होतं. अ‍ॅडमिन सिक्युरिटीत मॉडिफाय (बदल करायची परवानगी) देतो, शेअरिंगमध्ये मात्र रीडच (फक्त वाचायची) राहिलेलं असतं, मग अकाउंट्सवाल्या ताईंची एक्सेल शीट उघडते पण सेव्ह करायला गेलं की डिनाइड, आणि अ‍ॅडमिन छातीठोकपणे सांगतो की मी दिलंय. दोघंही खरं बोलत असतात. काहीजण वैतागून एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाकतात, दोन्ही टॅबमध्ये, मग पगाराची शीट सगळ्या ऑफिसने वाचली की पळापळ.

परवानगी असलेल्या ग्रुपमध्ये तुमचं नाव आत्ताच घातलं असेल तर साइन आउट करून परत साइन इन करा, नुसतं स्क्रीन लॉक-अनलॉक करून चालत नाही, कारण कुठल्या ग्रुपात आहात ती यादी लॉगिनच्या वेळी बनते. पासवर्ड बदलल्यावर दुखणं सुरू झालं असेल तर क्रेडेन्शियल मॅनेजर (विंडोज पासवर्ड साठवून ठेवतं ती जागा) उघडा, तिथे त्या सर्व्हरचा जुना पासवर्ड बसलेला असतो, तो काढा, नाहीतर पीसी तोच पुन्हा पुन्हा पाठवून तुमचं अकाउंट लॉक करून टाकेल. आणि लॉगिनचा चार आकडी पिन शेअरच्या पासवर्डच्या जागी टाकू नका, पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो.

एरर १२१९ दिसला तर त्याच सर्व्हरला तुम्ही आधीच दुसऱ्या युजरनेमने जोडलेले आहात. कमांड विंडोत नेट यूज टाकून जोडण्या बघा, जुनी काढा, मग नवी करा. नावाऐवजी आयपी टाकला की चालतं, कारण विंडोजला तो वेगळा सर्व्हर वाटतो, पण ते तेवढ्यापुरतं.

शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा. ड्राइव्ह उघडतो, बाकी फोल्डर दिसतात, तुमचा एकच गायब, आणि लगेच ओरड होते की कोणीतरी डिलीट केला. सर्व्हरवर अशी सेटिंग असते की ज्याला परवानगी नाही त्याला फोल्डर दिसतच नाही. त्यामुळे वाटतं सापडत नाही, असतं मात्र परवानगीचंच. अ‍ॅड्रेस बारमध्ये पूर्ण पाथ टाइप करून एंटर मारा, डिनाइड आलं तर फोल्डर जागेवर आहे, बॅकअप शोधायला लावू नका, तो फोल्डर ज्या डिपार्टमेंटचा त्यांच्या हेडकडून मंजुरीचा मेल आणा म्हणजे आयटीवाला लगेच नाव घालेल.