कमरेच्या कातडीखालचा पांढरा पट्टा

कमरेचा एमआरआय काढायचा तो मणक्यांमधली गादी सरकली का हे बघायला. रिपोर्टमध्ये मात्र गादीबद्दलच्या ओळी संपल्या की खाली एक अनोळखी नोंद असते: ‘सबक्युटेनिअस इडिमा’. म्हणजे कातडी आणि स्नायू यांच्यामधल्या चरबीत साचलेलं पाणी. ही नोंद नवी, सूज जुनीच.

डॉक्टरांना ती बोटाने कळायची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सूज घोट्यांपेक्षा माकडहाडाच्या आसपास जास्त जमते. अंगठ्याने दाबलं की खळगा राहतो. हृदय किंवा मूत्रपिंडं थकलेल्या रुग्णाला कुशीवर वळवून कंबर दाबून बघतात ती यासाठीच.

१८९५ साली रॉन्टजेन यांना क्ष-किरण सापडले, पण कमरेचा एक्स-रे हाडासाठी बेतलेला. त्यात कातडीजवळचा भाग काळवंडून जातो. १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार या अमेरिकी सर्जननी सरकलेल्या गादीचा पायात उतरणाऱ्या कळेशी संबंध दाखवला आणि पुढे सगळ्यांच्या नजरा गादीवरच खिळल्या. एमआरआय आल्यावरही अडचण राहिलीच. पाणी ठळक दाखवणाऱ्या नेहमीच्या चित्रांत चरबीही उजळच दिसते. पांढऱ्यावर पांढरं, काय दिसणार? त्यात रुग्ण कॉइलवरच, म्हणजे शरीरातून येणारे संकेत टिपणाऱ्या भागावरच, पाठ टेकून झोपतो, म्हणून पाठीची चरबी आणखीच झळाळते.

वाट निघाली १९८५ मध्ये. लंडनमध्ये काम करणाऱ्या बिडर आणि यंग यांनी ‘स्टर’ ही पद्धत मांडली. आधी रेडिओलहरींच्या एका स्पंदाने सगळ्या ऊतींचं चुंबकत्व उलटं करायचं. चरबी पाण्याच्या कितीतरी आधी सावरते. दीड टेस्ला ताकदीचं चुंबक असलेल्या यंत्रात साधारण १५० मिलिसेकंदांनंतर तिचं चुंबकत्व नेमकं शून्यावर असतं. तेवढ्यात चित्र टिपायचं. चरबी काळी, पाणी पांढरं! रोख होता हाडातल्या मज्जेची सूज, गाठी, जंतुसंसर्ग यांवर. पाठीच्या चरबीतल्या सुजेचा पांढरा पट्टा आयताच दिसू लागला.

तो वजनदार, वयस्क किंवा बराच काळ पडून असलेल्या माणसांत सर्रास आढळतो, बहुधा मध्यभागी आणि दोन्ही बाजूंना सारखा. कंबरदुखीचा दोष लगेच त्याच्यावर टाकणं मला घाईचं वाटतं. गादीचंही तेच झालं होतं: १९९४ च्या एका अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांपैकी ५२ टक्क्यांच्या निदान एका गादीला फुगवटा निघाला. पट्टा एकाच बाजूला असेल, सोबत ताप असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर रेडिओलॉजिस्ट आधी पू शोधतो.