रेइवाचे चिन्ह: एका राखीव खणाची पार्श्वभूमी

७ मे २०१९ रोजी युनिकोड १२.१ (संगणकावरच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकाची आवृत्ती) प्रसिद्ध झाले. त्यात नवे अक्षर एकच होते. एकूण संख्या १,३७,९२८ वरून १,३७,९२९ झाली, बस्स. ते अक्षर म्हणजे सहा दिवसांपूर्वी, १ मे रोजी, जपानमध्ये सुरू झालेल्या रेइवा या राजशकाचे (सम्राटाच्या राजवटीनुसार चालणाऱ्या वर्षगणनेचे) चौकटी चिन्ह.

जपानी अर्ज, दाखले, पावत्या यांवर वर्ष अजूनही शकात लिहितात. शकाचे नाव दोन कांजींचे (चिनी मूळच्या जपानी अक्षरांचे) असते आणि जागा वाचवण्यासाठी त्या दोन्ही एकाच अक्षराच्या चौकटीत दाटून बसवतात. एनईसी या जपानी कंपनीच्या वाढीव अक्षरसंचात मेइजी, ताइशो आणि शोवा या आधीच्या शकांना सलग जागा मिळाल्या: शिफ्ट-जिस या जुन्या जपानी कोडपद्धतीत ८७८डी ते ८७८एफ (हे क्रमांक षोडशमान पद्धतीतले, त्यात ए ते एफ हेही अंक असतात). ८ जानेवारी १९८९ रोजी हेइसेइ सुरू झाला, त्याचे चिन्ह त्याच ओळीतल्या दुसऱ्या मोकळ्या खणात गेले, ८७७ईवर. युनिकोडने मात्र चौघांना शेजारी बसवले आणि तेही नव्याकडून जुन्याकडे: यू+३३७बी हेइसेइ, ३३७सी शोवा, ३३७डी ताइशो, ३३७ई मेइजी.

पाचव्यासाठी योग्य जागा ३३७ए होती. ती २००३ साली युनिकोड ४.० मध्ये ‘आययू’ (आंतरराष्ट्रीय एकक, औषधांच्या मात्रेसाठी वापरतात ते) या एककाच्या चिन्हाला देऊन टाकली गेली. मेइजीच्या पलीकडे, ३३७एफवर, ‘काबुशिकी गाइशा’ म्हणजे भागधारक कंपनीचे चिन्ह आधीपासूनच आहे. म्हणून रेइवासाठी ३२०० ते ३२एफएफ या गटातला शेवटचा खण, यू+३२एफएफ, निवडला गेला. कोडच्या क्रमाने लावले तरी नवा शक आधी येतो, ही त्यातली जमेची बाजू. पण ज्या प्रोग्रॅममध्ये ‘३३७बी ते ३३७ई म्हणजे शकचिन्ह’ अशी अट लिहिलेली आहे, त्याला रेइवा दिसतच नाही.

सम्राट आकिहितो पदत्याग करणार हे आधी ठरल्यामुळे २०१८ मध्येच खण राखून ठेवता आला. तो भरता मात्र आला नाही, कारण शकाचे नाव १ एप्रिल २०१९ पर्यंत गुप्त होते. युनिकोडमध्ये अक्षराचे नाव आणि त्याचे विघटन (ते कोणत्या साध्या अक्षरांत फुटते ते) एकदा प्रसिद्ध झाले की कधीच बदलता येत नाही. त्यामुळे मार्चमधल्या १२.० मध्ये तात्पुरते नाव घालून वेळ मारून नेणे शक्यच नव्हते. हा नियम कडक आहे आणि तो तसाच असायला हवा. जुना मजकूर उद्याही तसाच वाचता येईल याची हमी त्यावरच उभी आहे.

यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत हे चिन्ह तीन बाइटांचे आहे: ई३ ८बी बीएफ. वर्डमध्ये ३२एफएफ टाइप करून ऑल्ट व एक्स दाबले की ते उमटते. चौकोनी डबा दिसला तर मजकूर सहसा शाबूत असतो, फॉन्टमध्ये आकार नसतो. अडोबी-जपान१-७ या जपानी फॉन्टांसाठीच्या आकारसंचात त्यासाठी दोन आकार वाढवले गेले: आडव्या मजकुरासाठी क्रमांक २३०५८, उभ्यासाठी २३०५९. उभ्या मांडणीत कांजी एकाखाली एक येतात, म्हणून एकच आकार पुरत नाही.

खरी हानी रूपांतरात होते. विंडोजच्या ९३२ या जपानी कोडपेजमध्ये (युनिकोडआधीच्या अक्षरसंचात) रेइवाला जागाच नाही. तिकडे पाठवलेल्या फाइलीत बहुधा प्रश्नचिन्ह उरते आणि मूळ चिन्ह परत मिळत नाही. अशा जुन्या प्रणालीला मजकूर देताना आधी एनएफकेसी (जोडचिन्हे साध्या अक्षरांत फोडणारे) सामान्यीकरण करून चिन्हाच्या दोन कांजी, ४ईई४ आणि ५४८सी, कराव्यात. मात्र लांबी एका अक्षराची दोन होते, तेव्हा ठरावीक रुंदीचे रकाने तपासावेत. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३.७ आवृत्तीतली अक्षरमाहिती युनिकोड ११ ची आहे. तिथे चिन्ह फुटत नाही, ३.८ पासून फुटते.

पूर्ण नाव लिहिले तरी एक सापळा राहतो. ‘रेइ’ची कांजी यू+एफ९ए८ वरही आहे, कोरियन संचांशी सुसंगतीसाठी ठेवलेली. दिसायला तीच, पण शोधात ती ४ईई४ शी जुळत नाही. तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंना एनएफसी (सामान्यीकरणाचा सौम्य प्रकार) लावले की ती ४ईई४ होते.