टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही?

टेस्टरचा दिवा लागला नाही की तार निर्धोक, हा जुना समज जिवावर बेतू शकतो. त्यातील निऑन दिवा आपल्या शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर पेटतो, त्यामुळे लाकडी शिडीवर उभे असताना, भर उन्हात किंवा दिवाच निकामी झाला असताना २३० व्होल्टच्या तारेतही वीज नाही असे भासू शकते. म्हणून संबंधित एमसीबी (त्या जोडणीचा वीज तोडणारा स्विच) बंद केल्यावर मल्टिमीटर (व्होल्ट, प्रवाह मोजणारे यंत्र) एसी व्होल्टवर ठेवून तो आधी वीज नक्की असलेल्या दुसऱ्या जागी तपासावा, मग फेज (वीज आणणारी तार), न्यूट्रल (परतीची तार) आणि अर्थ (जमिनीला जोडलेली तार) यांच्यातील फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ व्होल्ट मोजावे आणि शेवटी मीटर पुन्हा त्या चालू जागी लावून पाहावा, कारण दरम्यान तोच बिघडला असेल तर शून्य आकडा फसवतो. ही शेवटची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मीटरची लाल वायर मात्र अँपिअरच्या (प्रवाह मोजण्याच्या) खाचेत राहिलेली नसावी; तिथला रोध जवळजवळ शून्य असल्याने व्होल्ट मोजताना थेट शॉर्टसर्किट होते.