थांबून थांबून रडणारं बाळ

"दात यायलेत, म्हणून रडालंय." खानापूर-निपाणीकडं सहा-सात महिन्यांचं बाळ कळवळायला लागलं की घरातलं पहिलं निदान हेच, मग बेंबीला हिंग, ओव्याचा शेक, दिवेलागणीला मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट. बऱ्याचदा खरंच काही नसतं म्हणा.

पण एक रडणं वेगळं असतं. बाळ एकदम किंचाळतं, गुडघे पोटाशी घेतं, चेहरा पांढराफटक पडतो, दोन-चार मिनिटांत सगळं शांत, कधी कधी हसतंय सुद्धा, आणि आजी म्हणते बघ, उतरली की नाही दृष्ट! 15-20 मिनिटांनी परत तेच. त्या मधल्या शांततेनंच घात होतो.

याला इंटससेप्शन म्हणतात. बारीक आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथं बारकं मोठ्यात घुसतं, स्वेटर काढताना बाही आतल्या आत जाते ना, तसं. आतडं अन्न लाटेनं पुढं ढकलतं, आता स्वतःलाच ढकलतंय, म्हणून कळ येते आणि जाते. सोबत रक्तवाहिन्याही ओढल्या जातात, आधी रक्त परत जायचं थांबतं, सूज चढते, मग पुरवठाच बंद. 3 महिने ते 3 वर्षं हे वय जास्त धोक्याचं. नेमकं कारण बहुतेकदा सापडत नाही, सर्दी-जुलाबानंतर आतड्यातल्या सुजलेल्या गाठींनी हे सुरू होतं असं मानतात.

लालसर शेंबडासारखी शी दिसेपर्यंत थांबायचं नाही, ती उशिरा येते, काही बाळांना येतच नाही. हिरवी उलटी झाली किंवा बाळ नुसतं मलूल पडलं तरी निघायचं. काही बाळं रडतच नाहीत, फक्त गळून जातात, आणि डॉक्टर पण तिथंच चकतात.

इमर्जन्सीत आधी सलाइन, मग सोनोग्राफी. आडवा कापलेला कांदा दिसतो तसं गोलात गोल दिसलं की निदान झालं. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून सुटलो असं नाही हं.

उपचार मात्र मला फार आवडतो. गुदद्वारातून नळीनं हवा किंवा सलाइन ठरावीक दाबानं सोडतात, घुसलेलं आतडं मागं मागं सरकतं आणि स्क्रीनवर मोकळं होताना दिसतं. वेळेत आलेल्या 10 पैकी साधारण 8 बाळांचं इथंच भागतं. आतडं फुटलं असेल, बाळ शॉकमध्ये असेल, म्हणजे रक्ताभिसरणच ढासळलं असेल, तर मात्र सरळ ऑपरेशन. 1871 मध्ये लंडनला सर्जन जोनाथन हचिन्सन यांनी 2 वर्षांच्या लेकरावर ते यशस्वी केलं. तिथं सुद्धा आतडं ओढायचं नसतं, पुढच्या टोकाकडून हळूहळू मागं पिळत आणायचं, ओढलं की फाटतं.

10 पैकी एखाद्याला परत होतं, बरेचदा पहिल्या दोन दिवसांतच, म्हणून लगेच घरी सोडलं नाही तर डॉक्टरांशी भांडू नका.

निघताना वाटेत दूध पाजू नका, भूल द्यायची वेळ येऊ शकते. आणि कळ आली की मोबाईलवर व्हिडिओ काढा, कारण बेळगावला पोचेपर्यंत बाळ मांडीवर गाढ झोपलेलं असतं आणि तुम्ही काय सांगताय ते समोरच्याला पटत नाही.