गूगल ॲनॅलिटिक्स ४

संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर आलेले लोक तिथे काय करतात, हे मोजणारी गूगलची सेवा. रोजच्या बोलण्यात ‘जीए४’. तिचे मूळ अमेरिकेतील सॅन डिएगो येथील अर्चिन या कंपनीत आहे. गूगलने २००५ मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ही मोजणी सर्वांना मोफत खुली केली. चौथी आवृत्ती ऑक्टोबर २०२० मध्ये आली. आधीच्या युनिव्हर्सल ॲनॅलिटिक्सच्या मोफत आवृत्तीत १ जुलै २०२३ पासून नवी नोंद होणे थांबले, आणि वर्षभराने तिचे जुने अहवालही दिसेनासे झाले. ज्यांनी ते वेळीच उतरवून घेतले नाहीत, त्यांची वर्षानुवर्षांची आकडेवारी हातची गेली.

जुन्या पद्धतीत सगळा हिशेब पानांचा आणि भेटींचा होता. नव्या पद्धतीत प्रत्येक कृती ही ‘इव्हेंट’ असते, पान उघडणे हीदेखील त्यातलीच एक. ‘एनहान्स्ड मेजरमेंट’ ही सोय चालू असेल तर पान ९० टक्के खाली सरकवणे, बाहेरच्या दुव्यावर जाणे, फाइल उतरवणे, पानात बसवलेला यूट्यूब व्हिडिओ पाहणे यांची नोंद वेगळा कोड न लिहिता होते. संकेतस्थळावरच्या शोधपेटीत लोक काय टाइप करतात, तेही टिपले जाते. हा अहवाल फारसा कोणी उघडत नाही, पण सर्वांत बोलका तोच, कारण त्यात वाचकाचे स्वतःचे शब्द असतात. मराठी वाचक देवनागरीत शोधतो की रोमन लिपीत, तेही तिथेच कळते.

सर्वांत मोठा फरक ‘बाउन्स रेट’मध्ये, म्हणजे आल्या पावली परत गेलेल्या भेटींच्या प्रमाणात, पडला. पूर्वी एखाद्याने पुरणपोळीची कृती दहा मिनिटे शांतपणे वाचली आणि दुसरे काही न उघडता तो निघून गेला, तर ती भेट ‘बाउन्स’ ठरे आणि तिचा कालावधी शून्य धरला जाई. एकाच पानात ज्याचे समाधान झाले, तो वाचक हिशेबात नापास! लेख, कविता, पाककृती देणाऱ्या स्थळांवर यामुळे मोठा अन्याय होत असे. आता भेट दहा सेकंदांहून जास्त टिकली, दोन किंवा अधिक पाने पाहिली गेली किंवा मालकाने महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती घडली, यांपैकी एक जरी झाले तरी ती ‘एंगेज्ड सेशन’ गणली जाते. उरलेल्या भेटींचे प्रमाण म्हणजे आजचा बाउन्स रेट. म्हणून जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवून तुलना करणे चूकच. शिवाय पान पडद्यावर समोर असतानाचाच वेळ धरला जातो, मागे उघडा पडलेला टॅब त्यात येत नाही.

‘एक्सप्लोरेशन्स’ विभागात वाचक कोणत्या वाटेने आला, कुठे गळाला, हे पाहता येते. त्यासाठीची तपशीलवार माहिती मुळात दोनच महिने ठेवली जाते. मोफत खात्यात ही मुदत चौदा महिन्यांपर्यंत वाढवता येते, पण पुसली गेलेली माहिती परत येत नाही. त्यामुळे हा बदल पहिल्याच दिवशी करावा.

जाहिराती अडवणारी साधने वापरणारे आणि कुकीला (वाचकाला ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदीला) नकार देणारे वाचक या मोजणीतून बऱ्याच अंशी निसटतात. गोपनीयतेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. २०२२ मध्ये ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधील माहिती-संरक्षण यंत्रणांनी या सेवेतून युरोपीय वाचकांची माहिती अमेरिकेत जाण्यावर बोट ठेवले होते. माहिती स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवू इच्छिणारे माटोमोसारखी मुक्त प्रणाली वापरतात. विकिपीडियाची मोजणी तर स्वतंत्रच आहे: मराठी विकिपीडियातील कोणत्याही लेखाची जुलै २०१५ पासूनची रोजची वाचनसंख्या कोणालाही पाहता येते, मात्र वाचक लेखात कुठवर पोचला हे त्यात दिसत नाही.