ऑन्टॉलॉजीचे गुणमापन : मापकांची निवड

एखाद्या विषयातल्या संकल्पना, त्यांचे प्रकार-उपप्रकार आणि परस्परसंबंध संगणकाला हाताळता येतील अशा तर्कबद्ध रूपात मांडले, की त्या मांडणीला माहितीशास्त्रात ऑन्टॉलॉजी म्हणतात. ती कितपत चांगली आहे हे कोणत्या मापकांनी ठरवायचे, याचे उत्तर ती कशासाठी बांधली यावर अवलंबून असते.

सर्वांत सोपे मोजमाप रचनेचे : वर्ग किती, उतरंड किती खोल. ‘ऑन्टोक्यूए’ (२००५) या पद्धतीतील संबंधसमृद्धी म्हणजे एकूण संबंधांपैकी ‘अमुक हा तमुकाचा प्रकार’ याखेरीजच्या संबंधांचा वाटा. शंभरांपैकी ऐंशी संबंध प्रकारदर्शक असतील, तर ही समृद्धी ०.२ भरते. ग्रंथवर्गीकरणाला एवढे पुरते. औषध आणि रोग यांचे नाते शोधणाऱ्या प्रणालीचे त्यावर भागत नाही. आकडा मात्र दोन्हीकडे तोच.

तार्किक सुसंगती रीझनर नावाचे सॉफ्टवेअर तपासते. ही कसोटी आवश्यक आहे, पण तिच्यावर फार विसंबू नये. नावाला भुलून कोणी ‘देवमासा’ हा ‘मासा’ या वर्गाखाली घातला, तरी रीझनर तक्रार करत नाही. त्याने तक्रार करावी यासाठी देवमासा सस्तन आहे आणि सस्तन प्राणी मासे नसतात, ही दोन्ही विधाने आधी लिहिलेली असावी लागतात. स्नोमेड सीटी या तीन लाखांहून अधिक संकल्पनांच्या वैद्यकीय संचातून एकेकाळी बोटाचे विच्छेदन हा हाताच्या विच्छेदनाचा प्रकार ठरत असे. त्यात तार्किक विसंगती नव्हती. चूक शरीराचा भाग आणि त्या भागावरची शस्त्रक्रिया यांच्या मांडणीत होती.

अशा चुकांसाठी ग्वारिनो आणि वेल्टी यांची ‘ऑन्टोक्लीन’ पद्धत उपयोगी पडते. एखादा गुणधर्म वस्तूला कायमचा असतो की सुटू शकतो, हे ती पाहते. विद्यार्थीपण सुटू शकते, व्यक्तिपण सुटत नाही. म्हणून ‘व्यक्ती’ हा ‘विद्यार्थी’चा उपवर्ग करता येत नाही. मात्र हे गुणधर्म माणसालाच ठरवावे लागतात, त्यामुळे मोठ्या ऑन्टॉलॉजीला ती जड जाते.

निवडीचा भरवशाचा आरंभ क्षमताप्रश्नांपासून होतो. ऑन्टॉलॉजीने कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत याची ही यादी; तिची कल्पना ग्र्युनिंगर आणि फॉक्स या संशोधकांनी १९९५ मध्ये पुढे आणली. प्रमाण मानलेल्या ऑन्टॉलॉजीशी तुलना करून अचूकता आणि व्याप्ती काढता येते, पण ते प्रमाणही कोणाच्या तरी दृष्टिकोनातूनच बांधलेले असते. ‘ओक्वेअर’सारख्या चौकटी सॉफ्टवेअर-गुणवत्तेच्या मानकांवरून १ ते ५ असे गुण देतात. त्यांची सरासरी काढली, की सुसंगतीतली उणीव दस्तऐवजीकरणाच्या गुणांनी सहज झाकली जाते.