एका नावाखाली तीन आजार

एका डोळ्याला धूसर दिसू लागते आणि काही आठवड्यांत आपोआप सुधारते. दोन वर्षांनी पाय बधिर होतात. पहिल्या वेळी रुग्ण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलेला असतो, दुसऱ्या वेळी हाडांच्या. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचे मायलिनचे आवरण खराब करणारे, पुन्हा पुन्हा उलटणारे हे आजार असे तुकड्यातुकड्यांनी भेटतात. निदान अडते ते बहुधा इथेच.

1868 मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मज्जासंस्थेचे डॉक्टर शार्को यांनी जिवंतपणी दिसलेली लक्षणे शवविच्छेदनात सापडलेल्या कडक चट्ट्यांशी जोडली आणि मल्टिपल स्क्लेरोसिसला (एमएस) स्वतंत्र ओळख मिळाली. बुबुळांची थरथर, वस्तू घ्यायला जाताना हाताला सुटणारा कंप आणि तुटक बोलणे ही शार्को यांनी सांगितलेली या आजाराची खूण. पण ती अनेक रुग्णांत दिसत नाही, आणि दिसली तरी दुसऱ्या आजाराची असू शकते. पुढे संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे वाढतात का, हे पाहायचीही पद्धत होती. आज वाचताना अंगावर काटा येतो.

1965 च्या शूमाकर निकषांनी एमएसच्या निदानाला नियम घातला: दोन वेगळ्या जागा, दोन वेगळ्या वेळा, आणि दुसरे कुठलेही कारण लागू पडत नाही. म्हणजे खात्रीसाठी बहुतेकदा दुसऱ्या अटॅकची वाट पाहणे आले. 1980 च्या दशकात एमआरआय आला, आणि 2001 च्या मॅकडोनाल्ड निकषांनी नव्या चट्ट्याला दुसऱ्या अटॅकची जागा घेऊ दिली. थांबणे कमी झाले, फसगत मात्र वाढली. मायग्रेन, रक्तदाब, नुसते वय यांमुळेही मेंदूत पांढरे ठिपके दिसतात. माझ्या मते आजही सर्वाधिक चुका होतात त्या लक्षणे बाजूला ठेवून फक्त फिल्म वाचल्याने.

मधल्या काळात एक जुना घोळ तसाच पडून होता. दृष्टी आणि मज्जारज्जू एकदम गाठणारा आजार, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, फ्रेंच डॉक्टर देविक यांनी 1894 मध्येच वर्णिला होता, तरी शतकभर बहुतेकांनी तो एमएसचाच प्रकार मानला. 2004 मध्ये त्याची अँटिबॉडी (शरीराच्याच भागावर हल्ला करणारे रक्तातले प्रथिन) सापडली, पुढच्याच वर्षी तिचे लक्ष्य, पेशींतून पाणी ने-आण करणारे अ‍ॅक्वापोरिन-4 हे प्रथिन, कळले. हा नुसता नावाचा वाद नव्हता: इंटरफेरॉन-बीटा, फिंगोलिमोड अशी एमएसची काही औषधे या आजारात उलट त्रास वाढवतात.

तिसरा आजार मॉग (MOG) या मायलिनवरच्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीचा. तिच्या सुरुवातीच्या चाचण्या निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येत, त्यामुळे तिच्यावरचा विश्वास उडाला होता. जिवंत पेशी वापरणाऱ्या चाचण्यांनी तो परत आणला, आणि 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय निकष ठरले. तरीही हलका पॉझिटिव्ह रिपोर्ट एकटा पुरत नाही, आणि अटॅक ओसरल्यावर काहींच्या रक्तातून ही अँटिबॉडी नाहीशी होते. उशिरा काढलेले रक्त म्हणूनच निगेटिव्ह येऊ शकते.